उंबरठ्यावरची बोटे

वैशाख शुद्ध द्वितीयेची रात्र ही आमच्या भडगावात, किंबहुना एकूण खानदेशातच, झोपण्याची रात्र नव्हे. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, असते. स्वयंपाकघरात सांजोऱ्यांचे घाणे उतरत असतात, माहेरी आलेल्या लेकी अंगणात खाटा टाकून वर्षभराच्या हकिकती एका रात्रीत संपवण्याच्या ईर्ष्येने बोलत असतात, निंबाला बांधलेल्या झोक्याचा दोर कोणीतरी अंधारात ओढून पाहत असते, आणि ज्या पुरुषांना यांपैकी कशातच स्थान नसते ते पत्त्यांचा डाव मांडतात, किंवा तो नाद नसला तर माझ्यासारखे ओट्यावर बसून उकाड्याला नावे ठेवतात. यंदा बहिणीबरोबर आलेल्या माझ्या भाच्याने, “मामा, तुम्हाला एक भुताचा सिनेमा दाखवतो,” असे म्हणून ओट्यावरच आपला लॅपटॉप उघडला, आणि केंजी मिझोगुची या दिग्दर्शकाचा 1953 सालचा ‘उगेत्सु’ हा जपानी चित्रपट मी, शेजारचे सेवानिवृत्त मास्तर आणि गिरणेच्या काठावरून नित्यनेमाने येणारे डास एवढ्या मंडळींनी अखेरपर्यंत पाहिला.

चित्रपट संपला तेव्हा मी काही क्षण गप्प होतो. मास्तर गप्प राहणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, “पाहिलंत? त्यांच्याकडे प्रत्येक कृतीला प्रतीकाचा अर्थ असतो. नाहीतर आपले लोक! उद्या सकाळी मडक्यासमोर हात जोडून बसतील.” हे वाक्य उच्चारताना, ज्या मडक्यासमोर मी उद्या हात जोडणार होतो त्याच मडक्याजवळच्या पंक्तीला आपले निमंत्रण आहे, याचे त्यांना विस्मरण झाले असावे, परंतु मला झोंबले ते मडक्याविषयीचे नव्हे. मला झोंबला तो ‘प्रतीक’ हा शब्द.

भुते असतात की नसतात, हा वाद मी येथे काढत नाही. ज्यांना त्याचा निकाल हवा आहे त्यांनी तो आपापल्या गावच्या पिंपळाखाली रात्री बारानंतर लावून घ्यावा. माझा प्रश्न निराळा आहे. परक्याने मृताच्या पुढ्यात भात ठेवला की तो प्रतीक होतो आणि आपल्या आजीने ठेवला की तो अडाणीपणा होतो, हा भेद कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमान्वये केला जातो? दोन्ही भात एकाच जातीचे आहेत. फरक एवढाच की एकाच्या खाली उपशीर्षके येतात.

चित्रपटाची कथा थोडक्यात सांगणे भाग आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बिवा सरोवराच्या परिसरात, लढायांच्या धुमाळीत गेंजुरो नावाचा एक कुंभार राहतो. युद्धामुळे बाजार तेजीत आहे, मडकी हातोहात खपतात, आणि पैशाची चटक लागलेला हा माणूस बायको मियागी व लहान मुलगा यांना मागे ठेवून शहराच्या बाजारात जातो. तेथे वाकासा नावाची एक उमराव घराण्यातील स्त्री त्याची भांडी विकत घेते, त्याच्या कलेची तारीफ करते, आणि त्याला आपल्या वाड्यात ठेवून घेते. वाडा केव्हाच उद्ध्वस्त झालेला असतो, घराण्याचा उच्छेद झालेला असतो, आणि वाकासा ही संसारसुख न भोगता मेलेल्या मुलीचे भूत असते. एक भिक्षू कुंभाराच्या अंगावर मंत्राक्षरे रंगवतो, त्या अक्षरांमुळे वाकासाला त्याला स्पर्श करता येत नाही, आणि तो सुटतो. इकडे मियागीचे काय झाले ते त्याला ठाऊक नसते. प्रेक्षकाला असते: पाठीवर मूल आणि हातात वाटेसाठी मिळालेले चार घास घेऊन पळत असताना भुकेल्या सैनिकांनी तिला गाठले, अन्न हिसकावले आणि भाला मारला.

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून माझी हयात गेली. वारसाच्या नोंदी, फेरफार, मयताचा दाखला, हरकत, पंचनामा हेच माझे शास्त्र आणि हेच माझे साहित्य. त्यामुळे भूत आणि पितर यांच्यातील भेदही मला त्याच परिभाषेत सुचत आला आहे, आणि तो मी आजवर इतक्या जणांना ऐकवला आहे की माझी बहीण तो सुरू होताच उठून जाते. भेद असा की भूत हे बेवारस असते. त्याचा काही हक्क बाकी असतो, पण तो कोणाच्या खात्यावर चढवावा हे ठरलेले नसते, म्हणून ते स्वतः तगादा करीत फिरते. ज्याच्या दारात उभे राहते त्याचा त्या देण्याशी संबंध असो वा नसो. पितराची गोष्ट उलट आहे. त्याचा वारस मुक्रर आहे, देय ठरलेले आहे, तिथी ठरलेली आहे, आणि त्या तिथीस त्याला रीतसर बोलावणे जाते. भूत मागते, पितराला मागावे लागत नाही. मुंजा हा पिंपळावर का बसतो? कारण मुंजीनंतर आणि लग्नापूर्वी मेल्यामुळे त्याच्या मागे पाणी देणारे कोणी उरलेले नसते. वाकासा ही जपानी वेषातील मुंजाच म्हणावी; ती अपुरे राहिलेले देणे एका वाटसरू कुंभाराकडून वसूल करू पाहते.

या भेदाला जपानी चालीरीतींतून पुष्कळ पुरावा मिळतो, आणि तो मी त्याच रात्री मास्तरांपुढे ठेवला. त्यांच्याकडे प्रेताला किमोनो नेसवताना जिवंत माणसाच्या उलट, म्हणजे उजवा पदर डाव्यावर आणून नेसवतात. आपल्याकडे पितृकर्माच्या वेळी जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेऊन अपसव्य करतात. मृतासाठी वाढलेल्या भातात ते काड्या उभ्या खोचतात, म्हणून जेवणाऱ्या माणसाने तसे करणे हा तेथे मोठा अपशकुन. मेलेल्याची दिशा जिवंताच्या दिशेहून उलटी ठेवावी, म्हणजे दोन खात्यांची सरमिसळ होत नाही, ही व्यवस्था दोन्हीकडे एकच. आमच्या हडळीची पावले मागे वळलेली असतात. जपानच्या भुताला तर पावलेच नसतात, आणि ही पावले पुसण्याचे श्रेय परंपरा अठराव्या शतकातील मारुयामा ओक्यो या चित्रकाराला देते. मास्तर म्हणाले, “हेच तर! पाय नसणे हे प्रतीक आहे.” मी विचारले, कशाचे? ते म्हणाले, अधांतरीपणाचे. मग हडळीची उलटी पावले कशाची? “ती भीतीपोटी केलेली कल्पना,” मास्तर म्हणाले. अशा वेळी माणसाने पाणी पिण्यास उठावे. मी उठलो.

अधांतरीपणाचा विषय निघालाच आहे, तर येथे थोडे आडवाटेला जाणे मला आवश्यक वाटते. वाचकास वाटत नसल्यास त्याने पुढील परिच्छेद ओलांडावा.

जपानात जुलै किंवा ऑगस्टच्या मध्यास ‘बोन’ नावाचा सण येतो. त्या दिवसांत पूर्वज घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावतात, आणि शहरांत नोकरीला गेलेली माणसे गावाकडे लोटतात. काकडीला चार काड्यांचे पाय लावून तिचा घोडा करतात, वांग्याची गाय करतात. पूर्वजांनी घोड्यावर बसून लवकर यावे आणि गाईवर बसून सावकाश परतावे म्हणून. या सणाचे पूर्ण नाव ‘उराबोन’, आणि बौद्ध परंपरा ते संस्कृतातील ‘उल्लंबन’ म्हणजे उलटे टांगलेले असणे या शब्दापासून आले असे मानते. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याने दिव्यदृष्टीने पाहिले तो त्याची आई प्रेतलोकात उपाशी, आणि त्याने दिलेला घास तिच्या मुखाशी जाताच निखारा होणारा. मग बुद्धाच्या सांगण्यावरून त्याने सातव्या महिन्याच्या पौर्णिमेस भिक्षुसंघाला भोजन दिले आणि तिला सोडवले, ही त्यामागची कथा. हे ऐकताच आपल्याकडील कोणाही श्रवणभक्ताला आदिपर्वातला जरत्कारू आठवेल. त्या ब्रह्मचारी तपस्व्याला अरण्यात एका खड्ड्यात काही पुरुष खाली डोके करून लोंबकळताना दिसले. ते वाळ्याच्या एका झुडपाला धरून होते, आणि त्या झुडपाचे उरलेले मूळ एक उंदीर कुरतडत होता. तुम्ही कोण, असे विचारता ते म्हणाले, आम्ही यायावर ऋषी; आमचा एकच वंशज उरला आहे, त्याचे नाव जरत्कारू, आणि तो लग्न करीत नाही. उलटे टांगलेले पूर्वज ही कल्पना कोणी कोणापासून घेतली हे भाषाशास्त्रज्ञांनी पाहावे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र राहतो तो उंदीर. आमच्या दप्तरखान्यात तो होता; मी त्याला जुन्या फेरफारांच्या गठ्ठ्यांवर बसलेला प्रत्यक्ष पाहिला आहे.

असो. मूळ मुद्दा प्रतीकाचा. मास्तरांच्या विरुद्ध माझी तक्रार अशी होती की प्रतीक म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी ऐवजी ठेवलेली वस्तू. नकाशातील निळी रेघ ही गिरणेचे प्रतीक आहे. तिच्यात कोणी बुडत नाही. आखाजीची घागर अशी नाही. सकाळी कुंभाराकडून कोरी घागर आणायची, ती पाण्याने भरायची, तिच्यावर लहानसे मातीचे पात्र, त्यावर डांगर, म्हणजे पुण्याकडील लोक ज्याला खरबूज म्हणतात ते, शिवाय सांजोरी आणि दोन आंबे. वैशाखात आमच्याकडे पारा चव्वेचाळिसाच्या पुढे सरकतो, विहिरींचा तळ दिसतो, गिरणेच्या पात्रात वाळूखेरीज काही नसते. अशा दिवसांत दूरवरून घरी येणाऱ्या माणसासाठी दाराशी गार पाणी आणि कापायला फळ ठेवणे ही व्याकरणातील कोणती अलंकारयोजना झाली? ती सोय आहे. पाहुणा दिसत नाही एवढ्याने सोयीचे प्रतीक होत नाही. कोऱ्या घागरीला पाझर फुटतो, तिच्या बुडाशी शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओले वर्तुळ उमटते, ओल्या मातीचा वास माजघरापर्यंत येतो, आणि संध्याकाळपर्यंत पाण्याची पातळी चार बोटे उतरलेली असते. “बाष्पीभवन,” मास्तर म्हणाले. होय, बाष्पीभवन. पण पाणी ठेवले होते आणि ते कमी झाले, एवढा पंचनामा तर दोघांनाही मान्य करावा लागतो.

येथवर माझी बाजू मला भक्कम वाटत होती. रात्री दीड वाजता मास्तर घरी गेले, भाचा झोपला, आणि मी अंथरुणावर पडून चित्रपटाचा शेवट आठवू लागलो. तेव्हा ती ढासळू लागली.

वाकासाच्या तावडीतून सुटलेला कुंभार रात्री आपल्या घरी येतो. दार उघडे, घर ओसाड, चूल विझलेली. तो हाका मारीत एका दाराने आत येतो, दुसऱ्याने बाहेर पडतो, घराला वळसा घालतो. कॅमेरा आतूनच खिडक्यांमधून त्याच्यावर नजर ठेवत वळतो, आणि तो पुन्हा पहिल्या दाराशी येतो तेव्हा, मध्ये कोठेही चित्र न तुटता, त्याच चुलीत जाळ आहे, त्यावर भांडे आहे आणि शेजारी मियागी बसलेली आहे. ती त्याला खाऊ घालते, पिऊ घालते. तो आपल्या चुका कबूल करू लागतो तर ती त्याला थांबवते. तो मुलाला कुशीत घेऊन झोपतो, आणि ती दिव्याच्या उजेडात त्याची पादत्राणे उचलून ठेवते, फाटके कपडे शिवत बसते. सकाळी गावचा मुखिया मुलाला शोधत येतो आणि सांगतो की मियागी केव्हाच मारली गेली. चूल थंड असते.

आता ही कोण? माझ्या कोष्टकात ती बसेना. भूत म्हणावे तर ती काही मागत नाही. एका घासासाठी जिचा जीव गेला ती परत येऊन घास वाढते. पांढरी वस्त्रे नाहीत, मोकळे केस नाहीत, पावले जागच्या जागी आहेत. पितर म्हणावे तर तिला कोणी बोलावलेले नाही, तिचे उत्तरकार्य तिच्या नवऱ्याने केलेले नाही, त्याला तिच्या मरणाची वार्ताच नाही. देणेकरी आणि घेणेकरी एवढी दोनच खाती मी आजवर मांडली होती. मेल्यानंतरही देतच राहणारी व्यक्ती कोणत्या खात्यावर दाखवायची याचे कलम माझ्याकडे नव्हते.

मिझोगुचीने ज्या अठराव्या शतकातील ग्रंथावरून हा चित्रपट घेतला त्या उएदा आकिनारीच्या कथेत नवरा कुंभार नाही, तो रेशीम विकायला गेलेला माणूस आहे. त्याला कुंभार करणे ही चित्रपटवाल्यांची करणी, आणि तिचे मोल मला आखाजीच्या पूर्वरात्री कळावे हा योग. माणूस मडके करतो ते रिकामेच करतो; त्यात घालणारे हात दुसऱ्याचे असतात. योगायोगाचाच विषय निघाला म्हणून सांगतो की ज्या 1953 साली ‘उगेत्सु’ आला त्याच साली आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला. आणि त्याचे मूळ पुस्तक लिहिणारे साने गुरुजी आमच्या शेजारच्या अमळनेरात शिक्षक होते. तेथेही एक मेलेली आईच आहे आणि ती मुलाला पुरून उरते. त्या चित्रपटाला कोणी भुताचा चित्रपट म्हणत नाही, हे योग्यच. पण का म्हणत नाही याचा विचार केला तर उत्तर वाटते तितके सोपे नाही.

आखाजीची सकाळ उजाडली. घागर आली. आमच्या घरी घागर भरण्यापूर्वी उंबरठ्याचे औक्षण करून त्यावर कुंकवाची बोटे उमटवतात. एक बोट, एक नाव. हे काम वडिलांच्या पश्चात माझ्याकडे आहे आणि मी ते दप्तरी शिस्तीने करतो. वडील, आजोबा, पणजोबा, चुलते, अल्पवयात गेलेला एक भाऊ. मग आई. आजी. तिसऱ्या बोटाला मी नेहमी ‘पणजी’ म्हणतो आणि पुढे सरकतो. इतकी वर्षे तसेच सरकलो. या वर्षी रात्रीची ती शिवत बसलेली बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती म्हणून की काय, कुंकवाने माखलेले बोट उंबरठ्यापासून टीचभर वर अडकून राहिले. पणजीचे नाव काय?

मला ते ठाऊक नव्हते. पणजोबांचे ठाऊक होते, त्यांच्या बापाचेही. हक्कनोंदीत आहे, मी स्वतः उतारा काढला आहे. तिच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती, म्हणून ती कोणत्याच फेरफारात नाही. माहेरचे नाव लग्नात गेले, सासरचे नाव घेण्याचा प्रघात नव्हता, आणि जी नातवंडे तिला हाक मारीत ती नात्याने मारीत. मी ताईला विचारले. ती सांजोऱ्यांच्या परातीवरून मान वर न करता म्हणाली, “माले काय ठाऊक, भाऊ! तुम्हनंच घराणं ना ते.” गंमत अशी की ताईही त्याच घराण्यात जन्मली, आखाजीला माहेरी येते, झोक्यावर बसते, आणि तिचे बोट पुढेमागे दुसऱ्याच कोणा उंबरठ्यावर उमटायचे आहे. उमटले तर. एकाच दिवशी लेकी माहेरी येतात आणि पितर घरी येतात, या दोन पाहुण्यांची गाठ आमच्या सणाने का घातली असेल, याचा विचार मी साठी उलटल्यावर प्रथमच करीत होतो.

भाच्याने मागे मला मासाकी कोबायाशी यांचा 1964 सालचा ‘क्वाइदान’ नावाचा दुसरा जपानी चित्रपट दाखवला होता. त्यात होइची नावाच्या आंधळ्या वादकाला समुद्रात बुडालेल्या राजघराण्याची भुते रोज रात्री गायला नेतात; त्याला वाचवण्यासाठी मठातील भिक्षू त्याच्या सर्वांगावर प्रज्ञापारमिताहृदयसूत्र लिहितात. आपल्याकडून गेलेले सूत्र, कपाळापासून तळपायापर्यंत. फक्त कान राहतात. भूत येते, त्याला अंधारात दोन कान तेवढे दिसतात, आणि ते ओरबाडून नेते. पाहिला तेव्हा ती मला क्रूर गंमत वाटली होती. उंबरठ्याशी ओणवा होऊन बसलेलो असताना ती तशी वाटेना. आमच्या घराच्या अंगावरही सगळीकडे अक्षरे होती, आणि नेमकी ही एक जागा लिहायची राहिली होती.

अखेर मी बोट टेकवले. नाव न घेता. आणि टेकवताना मला स्पष्ट जाणवले की इतर बोटे आणि हे बोट यांच्यात फरक आहे. इतर बोटे ही निमंत्रणे होती. त्यांवर नाव होते, पत्ता होता, ती जाऊन पोचण्यासारखी होती. हे बोट कोणाकडेच जाऊ शकत नव्हते. जे असायला हवे होते आणि नाही, त्याच्या ऐवजी ते तेथे होते. म्हणजे रात्रभर मी ज्या व्याख्येने भांडलो त्या व्याख्येप्रमाणे ते प्रतीकच होते, तंतोतंत. ज्याचे नाव उरते त्याची सोय लावता येते. ज्याचे नाव हरवते त्याच्यासाठी प्रतीकाखेरीज काही करता येत नाही. आणि घागरीवरचे डांगर, आंबे, सांजोरी हा सगळा शिधा पिढ्यान्‌पिढ्या जिने रांधला, भरला, मांडला आणि सर्वांत शेवटी उरलेसुरले खाल्ले, तिच्याच वाट्याला ते बिननावाचे बोट यावे, हे माझ्या शिस्तशीर दप्तराचे फलित होते. चित्रपटाच्या अखेरीस तो लहान मुलगा वाटीत भात घेऊन धावत आईच्या थडग्यापाशी जातो आणि तो तेथे ठेवून हात जोडतो. त्याला तिचे नाव ठाऊक असेल काय? त्या वयात आईला नाव नसते.

गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडून आगारी टाकली, घरभर धूर झाला, आणि साडेबाराच्या सुमारास मास्तर आले. त्यांनी घागरीकडे पाहिले, उंबरठ्यावरच्या बोटांकडे पाहिले, आणि एकावरही पाय पडू न देता लांब ढांग टाकून ते आत आले. “काय, विचार केलात का रात्री?” पाटावर बसता बसता त्यांनी विचारले. मी त्यांच्या वाटीत आमरस वाढला, आणि पुरणपोळीवर तूप हवे की दूध एवढेच विचारले.